कागदावर न उतरलेली बतावणी

तळेगाव दाभाडेहून चाकणकडे निघालं की इंद्रायणीच्या काठी इंदुरी लागतं. गावात दाभाड्यांची जुनी गढी आहे, थोडं पुढे तुकोबांचा भंडारा डोंगर. आता या रस्त्याची ओळख म्हणजे कंटेनरची रांग आणि शिफ्ट सुटतानाची कोंडी. पण आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांपुढे इंदुरीचं नाव काढलं की पुढचा शब्द ठरलेला असे: दादू. दादू इंदुरीकर या गावचे. ‘गाढवाचं लग्न’ या वगातला त्यांचा सावळा कुंभार ज्यांनी पाहिला, त्यांनी तो पुढे जन्मभर दुसऱ्यांना करून दाखवला. १९८० साली दादू गेले. मी त्यांना पाहिलेलं नाही. मी पाहिला तो सावळा आमच्या नानांनी ओसरीवर उभा केलेला, धोतराचा काचा मारून, हातात घरचीच काठी घेऊन.

नाना म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. आमचं गाव चाकणच्या वरच्या अंगाला, भामा नदीच्या काठी. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना आला, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरीच्या माळांवर एकामागून एक शेड चढत गेल्या. खेड, मावळ, जुन्नरची तरणी पोरं तिकडे गेली. नानाही गेले. टर्नर म्हणून लागले, भोसरीत चौघांत मिळून खोली केली आणि निवृत्त होईपर्यंत लेथवर उभे राहिले. चैत्रात गावची जत्रा आली की मात्र रजा टाकून गावी यायचे आणि गावच्या हौशी पोरांच्या फडात सोंगाड्या व्हायचे. घरात ते कुणाला आवडत नसे. शेतकऱ्याच्या घरातल्या पोरानं तमाशात तोंड रंगवायचं, ही गोष्ट त्या काळी पचणारी नव्हती. आजोबा जत्रेच्या रात्री घरात बसून राहत आणि सकाळी मात्र आजीला हळूच विचारत, ‘काल काय काय बोलला गं तो?’

नव्या वाचकांसाठी थोडं सांगते. ढोलकीच्या फडाच्या तमाशात आधी गण, मग गौळण. राधा आणि गवळणी मथुरेच्या बाजाराला निघतात, कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात, मावशी सगळ्यांना पुरून उरते. त्यानंतर बतावणी आणि शेवटी पहाटेपर्यंत चालणारा वग. गणाची चाल ठरलेली, गौळणीची पदं ठरलेली, वगाची कथा ठरलेली. बतावणीत मात्र सरदार आणि सोंगाड्या समोरासमोर उभे राहतात, आणि कुठून निघायचं नि कुठे पोचायचं एवढंच काय ते ठरलेलं असतं. मधली सगळी वाट त्या रात्री, त्या गावात, त्या माणसांसमोर पाडायची. वगातही सोंगाड्याला ही मोकळीक असतेच. राजा, प्रधान, राजकन्या आपापली भाषणं धरून चालतात, आणि त्यांच्यात हा एकटा आपल्या पदरचं घालत जातो.

नानांना मी लहानपणी विचारलं होतं की तुम्हाला हे सगळं सुचतं कसं. त्यांनी सांगितलं त्याचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला. ते म्हणाले, ‘सुचत नाय पोरी. ऐकायला येतं.’

मग त्यांनी जे सांगितलं ते एखाद्या कारागिरानं हत्यारं मांडून दाखवावीत तसं होतं. मोठ्या फडाचा जाणता सोंगाड्या दुपारी गावात पोचला की झोपत नसे. तो न्हाव्याकडे दाढीला बसे, पारावर तंबाखू मळे, हॉटेलात अर्धा चहा घेई. यंदा कांद्याला चाकणच्या बाजारात काय भाव लागला, कुणाची विहीर आटली, सोसायटीच्या निवडणुकीत कोण पडलं, कुणाचा बैल घाटात पहिला आला, हे सगळं कानात साठवून घेई. रात्री त्यातलं काय बाहेर येईल हे त्यालाही ठाऊक नसे. शिवाय गाठीला जुना साठा असे: शब्दाचा उलटा अर्थ घेण्याच्या खोड्या, हिशेबात घोळ घालण्याच्या रीती, सरदारानं तीनदा विचारायचं नि तिसऱ्यांदा भलतंच उत्तर द्यायचं ही बैठक. हा साठा पाठ असल्याशिवाय स्टेजवर पाऊल टाकायचं नाही असा दंडक होता. बिनतयारीचा माणूस नवं काही बोलू शकत नाही, तो फक्त बडबडतो. नानांचं हे म्हणणं मला आजही अक्षरशः खरं वाटतं.

आणि सगळ्यांत मोठं काम सरदाराचं, हे ते पुन्हा पुन्हा सांगत. टाळी सोंगाड्याला मिळते, पण त्याला बोलतं करणारा, नेमक्या क्षणी गप्प बसणारा, गाडी फार लांब गेली तर एका प्रश्नात रुळावर आणणारा तो सरदार. सांगली भागातल्या कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांचं नाव नाना आदरानं घेत ते याच कारणासाठी. एकाच्या तोंडातला शब्द दुसऱ्यानं कसा उचलावा हे त्यांच्याकडून शिकावं, असं ते म्हणत.

‘गाढवाचं लग्न’ हा वग हरिभाऊ वडगावकरांचा. इंद्राच्या शापानं गाढव झालेला गंधर्व, त्याला राजकन्येशी लग्न करायचंय, आणि या सगळ्या उचापतीत सापडलेला गरीब कुंभार सावळा नि त्याची बायको गंगी. गोष्ट लहान पोराला कळेल इतकी सोपी. दादूंनी तिच्यातून जे उभं केलं ते पाहायला पुण्या-मुंबईचे शहाणेसुरते प्रेक्षकही नाट्यगृहांत गर्दी करू लागले, आणि पुढे संगीत नाटक अकादमीनं त्यांचा सन्मान केला. नानांनी हा वग गावच्या जत्रेत पाहिला होता, तळेगावात पाहिला होता आणि पुण्यात थिएटरातही. त्यांचं सांगणं असं की गोष्ट तीच, गाढव तेच, पण मागच्या खेपेला ज्या वाक्यावर लोक लोळले होते ते वाक्यच या खेपेला नसे. त्या जागी दुसरंच काही आलेलं असे आणि तेही जणू मुळापासून तिथंच होतं असं वाटे. तळेगावात दादू शेतकऱ्याशी बोलत आणि पुण्यात नोकरदाराशी. सावळा मात्र तसूभरही बदलत नसे. तो तितकाच भाबडा, तितकाच बेरकी, बायकोला तितकाच वचकून.

त्या बायकोबद्दल मला वेगळं सांगायचंय. गंगीचं काम प्रभा शिवणेकर करत. दादूंबद्दल लोक तासन्‌तास बोलतात, गंगीबद्दल दोन वाक्यांत थांबतात. पण विचार करा: समोरचा माणूस रोज नवं बोलणार, कुठून वळेल सांगता येत नाही, आणि तुम्हाला रोज त्याच गंगीच्या रागानं, त्याच गंगीच्या मायेनं त्याला उत्तर द्यायचं आहे. हसू फुटलं की संपलं. अडखळलं की संपलं. असं काम वर्षानुवर्षं करणाऱ्या बाईची तयारी कुठल्याही नटश्रेष्ठाच्या तोडीची असली पाहिजे. पुढे प्रकाश इनामदार आणि जयमाला इनामदार यांनी सावळा-गंगी रंगवले, २००७ साली मकरंद अनासपुरेंचा चित्रपट आला, आणि नव्या पिढीला वग निदान नावानं तरी ठाऊक राहिला. पण पडद्यावर एकदा बोललेलं वाक्य कायमचं तेच राहतं. दादूंचा सावळा तसा नव्हता.

आमची आत्या, नानांची थोरली लेक, या आठवणींत वेगळीच भर घालते. बायकांना तमाशाच्या फडासमोर बसायची सोय नव्हती. आत्या आणि तिच्या मैत्रिणी शेजारच्या माळवदावर अंधारात पालथ्या पडून ऐकत. चेहरे दिसत नसत, ढोलकी, हलगी आणि बोलणं तेवढं येई. त्यामुळे झालं असं की आत्याला बतावण्या शब्दांपेक्षाही त्यांच्या ठेक्यानं पाठ झाल्या. कुठे सोंगाड्या थांबला, हशा यायला किती वेळ लागला, हशा ओसरायच्या आत त्यानं पुढचा शब्द कसा टाकला, हे ती आजही टिचक्या वाजवून दाखवते. नानांच्या पश्चात मला जे काही मिळालं त्यातलं निम्मं आत्याच्या त्या अंधारातल्या कानांमुळे मिळालं.

नाना हौसेनं सोंगाड्या होत आणि चार दिवसांनी लेथवर परत जात. ज्यांचं पोटच या कलेवर होतं त्यांची गोष्ट वेगळी होती. फडांमधले बहुतेक कलावंत मांग, महार, कोल्हाटी अशा समाजांतून आलेले. रात्री स्टेजवर सोंगाड्या पाटलाची, सावकाराची, पुढाऱ्याची खिल्ली उडवी आणि पाटील पहिल्या रांगेत बसून हसत असे. सकाळी त्याच गावात हजेऱ्या होत. रात्रभर नाचून-गाऊन थकलेल्या कलावंतांनी देवळासमोर पुन्हा उभं राहायचं, मानकऱ्यांपुढे कला सादर करायची, आणि मग दुपारी कुस्त्यांचा आखाडा. नाना सांगत की मोठ्या फडांचे सोंगाडे रात्री जे बोलले ते सकाळी त्यांच्या तोंडावर कुणी तरी मारी, आणि तेव्हाही त्यांना हजरजबाबानंच निभावावं लागे, फक्त आता हसवण्याऐवजी अंग वाचवण्यासाठी. आपण ज्याला आज उत्स्फूर्त अभिनय म्हणून कौतुकानं पाहतो ती त्या माणसांची जगण्याची रोजची गरज होती. हे विसरून या कलेचं कौतुक करणं मला अपुरं वाटतं. हीच ताकद ओळखून सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांनी लाल बावटा कलापथकातून तो मुंबईच्या कामगारांपर्यंत नेला.

सरकारचं आणि या मोकळ्या बोलण्याचं कधी जमलं नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना, अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली. फडमालक धावपळ करू लागले, दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, बंदी उठली. पण त्यानंतर लेखी संहिता परिनिरीक्षणाला दाखवून मंजूर करून घेण्याची अट आली. आता बतावणी लिहून कशी द्यायची? नानांच्या ओळखीच्या फडांत यावर तोड निघाली होती. जाणत्या माणसाकडून वग लिहवून घेत, बतावणीचे चार सवाल-जवाब त्याला जोडत आणि शिक्का मारून आणत. रात्री स्टेजवर त्यातलं काय येई आणि काय नाही हे ढोलकीवाल्यालाही आधी ठाऊक नसे. उद्या कुणी संशोधक त्या शिक्क्याच्या प्रती उघडून ‘हा पाहा त्या काळचा तमाशा’ म्हणाला, तर तो चुकेल. त्या कागदांत तमाशाचा सांगाडा आहे. त्यातलं रक्त आणि मांस ज्या कानांनी ऐकलं ती माणसं आता एकेक करून चालली आहेत.

पिंपरी-भोसरीच्या या पट्ट्यात आणखी एक गोष्ट घडली जी महाराष्ट्रात इतर ठिकाणी क्वचितच घडली असेल, आणि तिच्याबद्दल कुणी फारसं लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. कारखान्यांनी गावोगावची माणसं एका छताखाली आणली. नानांच्या शेजारच्या मशीनवर कुडाळकडचा एक माणूस होता. तो दशावतारी घराण्यातला. दशावतारातही संहिता नसते. रात्री कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, जाणता माणूस रंगपट चालू असतानाच प्रसंग सांगतो, तुझी एन्ट्री अमक्यानंतर, तू शाप द्यायचा, तू उःशाप मागायचा, आणि मग पेटी, पखवाज, झांजेच्या साथीनं नट उभ्या उभ्या भाषणं रचतात. राजा असेल तर संस्कृतप्रचुर, गंभीर. संकासुर असेल तर मालवणीत, हसवत. नाना आणि तो कुडाळकर यांची सेकंड शिफ्टच्या जेवणाच्या सुट्टीत जुंपायची. तो रावण होऊन दरबार भरवी, आणि नाना त्या दरबारात डबा घेऊन शिरलेला सोंगाड्या.

रावण गर्जे, ‘कोण आहे रे तिकडे?’

नाना म्हणत, ‘सरकार, म्या ओव्हरटाइमचं इचारायला आलो व्हतो.’

‘मूर्खा! त्रैलोक्याचा स्वामी मी, मला ओव्हरटाइम विचारतोस?’

‘धा तोंडं तुमची. एकानं हो म्हना, नऊंनी गप बसा.’

कँटीनमधली सगळी माणसं ताटं हातात घेऊन भोवती उभी राहत. त्यांत खानदेशचे होते, मराठवाड्याचे होते, भंडाऱ्याकडचा एक होता तो खडी गंमतीतले प्रवेश सांगे. प्रत्येकाच्या मुलखात बिनसंहितेचं नाटक होतंच. पोथी वेगळी, बोली वेगळी, पण समोरच्यानं दिलेलं खाली पडू द्यायचं नाही हा नेम एकच. नाना म्हणायचे की कोकणातल्या माणसाकडून ते थांबायला शिकले. दशावतारी नट वाक्य संपल्यावर झांज वाजू देतो आणि तेवढ्यात समोरच्याच्या डोळ्यांत पाहून पुढचं ठरवतो. तमाशात एवढी उसंत नसते. पुढे नानांच्या बतावणीत ती उसंत आली आणि गावकऱ्यांना वाटलं, वय झाल्यामुळे नाना आता सावकाश बोलतात.

हे ऐकताना मला शिकागो आठवतं. तिथल्या हल हाउस या सेवाभावी संस्थेत नेवा बॉइड यांच्याकडे खेळांचं शिक्षण घेतलेल्या व्हायोला स्पोलिन या बाईंनी देशोदेशींहून आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांना नाटक शिकवताना खेळ रचले. भाषा एक नव्हती, म्हणून पाठ भाषणांऐवजी खेळ. त्यांचं ‘इम्प्रोव्हायझेशन फॉर द थिएटर’ हे पुस्तक १९६३ चं, आणि त्यांचा मुलगा पॉल सिल्स १९५९ मध्ये शिकागोत सुरू झालेल्या ‘द सेकंड सिटी’ या मंडळीच्या संस्थापकांपैकी एक. आज जगभर जे बिनसंहितेचं विनोदी नाटक शिकवलं जातं त्याची एक मोठी मुळी तिथे आहे. कारखान्यांचं शहर, परमुलखातून आलेली माणसं, आणि त्यातून निघालेलं उभ्या उभ्या रचायचं नाटक. तिथे एका बाईनं ते वहीत उतरवलं, खेळांना नावं दिली, पुस्तक केलं. आमच्या कँटीनमधलं कुणी उतरवलं नाही.

कामगारांच्या नाटकाला इथे जागा नव्हती असं मात्र नाही. कामगार कल्याण केंद्रांच्या नाट्यस्पर्धा होत्या, कारखान्यांची कलापथकं होती, गणेशोत्सव होते. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० मध्ये झाली, महापालिका १९८२ मध्ये. पुढे आचार्य अत्रे रंगमंदिर, चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, भोसरीचं अंकुशराव लांडगे नाट्यगृह अशी थिएटरं उभी राहिली. जानेवारी २०२४ मध्ये शंभरावं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन जब्बार पटेल यांच्या अध्यक्षतेखाली या शहरात भरलं. पण स्पर्धेत परीक्षकाच्या हातात संहिता असते आणि नट तिच्यापासून हलला की गुण जातात. नानांनी कारखान्याच्या नाटकांत दोन-तीनदा काम केलं आणि मग सोडून दिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: ‘समोरच्या माणसाला शिंक आली तरी त्याला बरं वाटू दे म्हनायचं नाय, असलं नाटक माझ्याच्यानं व्हत नाय.’

मी स्वतः चिंचवडच्या हौशी मंडळींत काम केलं ते संहितेच्याच नाटकांत. तरी एका रात्रीनं मला नानांचं म्हणणं अंगावर घडवून दाखवलं. भारनियमनाचे दिवस होते. निगडीत एका सोसायटीच्या गणपतीत आमची एकांकिका चालू होती आणि ऐन भांडणाच्या प्रसंगात दिवे गेले. माझ्या आईचं काम करणारी सहकारी अंधारातून म्हणाली, ‘बिल भरायला तुला सांगितलं होतं की नाही?’ लोक हसले. मी म्हणाले, ‘पैसे तू दादाला दिलेस, मला फक्त पावती मागतेस.’ हे वाक्य कुठल्याच पानावर नव्हतं, पण आमच्या नाटकाचं मूळ दुखणं तेच होतं: आईची मुलाला झुकतं माप देण्याची सवय. पुढची काही मिनिटं आम्ही दोघी अंधारात त्यावरच बोललो. चेहरा दिसत नसल्यामुळे मला तिचा श्वास ऐकू येत होता. ती वाक्य सुरू करणार हे तिनं तोंड उघडण्याआधी कळत होतं. लोकांमधली एक बाई हुंदका देते आहे हेही कळत होतं. दिवे आल्यावर आम्ही संहितेकडे परतलो आणि त्या छापील भांडणात पहिल्यांदाच जीव आला. ऐकायला येतं म्हणजे काय, ते मला त्या रात्री समजलं.

नानांची सगळ्यांत मोठी बतावणी मात्र नव्वदच्या दशकातली. तोवर चाकणच्या आसपासच्या जमिनींचं संपादन सुरू झालं होतं. खराबवाडी, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, गावामागून गाव कारखान्यांच्या नकाशात चाललं होतं. नाना नुकतेच निवृत्त झाले होते. जत्रेत सरदार झाला होता शाळेचा मास्तर. मी तेव्हा शहाणी झाले होते आणि बायकांसाठी बाजूला बसायची जागाही झाली होती, त्यामुळे हे मी डोळ्यांनी पाहिलं.

सरदारानं विचारलं, ‘काय रं, जमीन किती तुझी?’

‘चार एकर.’

‘कुठंशी?’

‘ती भिंत दिसतीया न्हवं, तिच्या आत.’

‘मग औंदा काय पेरलं?’

‘म्या न्हाय, त्यांनी पेरलं. लोखंड.’

‘उगवलं काय?’

‘मोटारी.’

‘अन् त्यातलं तुझ्या वाट्याला काय आलं?’

नानांचं ठरलेलं उत्तर होतं ‘धूर’. ते तोंडातून निघायच्या आत लोकांमधून एक आवाज आला: ‘शिट्टी!’ तो आमच्याच गावचा माणूस होता. जमीन गेल्यावर एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागलेला. क्षणभर कुणी हसलं नाही. नानांनी त्याच्याकडे पाहिलं, मास्तरांच्या हातातली काठी काढून घेतली, ताठ उभे राहिले आणि सरदाराला अडवलं. ‘थांबा! पास हाय का? नाय? मग तुमच्याच वावरात तुमाला जाता येनार नाय. सायबाची परवानगी आना.’ मास्तर कसलेला. तो लगेच गयावया करू लागला, ‘अरं, ही माझीच बांधावरची आंब्याची झाडं...’ नाना म्हणाले, ‘झाडाला बी पास लागतो.’ मग जो हशा उसळला तो हशा होता की दुसरं काही हे मला आजही सांगता येत नाही. तो वॉचमन उठून उभा राहिला आणि त्यानं नानांना सॅल्यूट ठोकला. नानांनीही त्याला ठोकला.

रात्री घरी मी विचारलं, तुमचं उत्तर तयार होतं ना? म्हणाले, ‘व्हतं. ते तितंच ठिवलं. त्याचं मोठं व्हतं.’

नारायणगावला, आमच्या पुणे-नाशिक रस्त्यावर, गुढीपाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या अजून लागतात. जत्रेच्या सुपाऱ्या तिथेच ठरतात. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव तमाशाची पंढरी म्हणवलं जातं ते उगाच नव्हे. पण पूर्वी रात्र मोकळी असायची. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर भोंगे बंद झाले, सवलत मिळाली तर थोडी फार पुढे. खेळाचा वेळ आखडला. कात्री पहिल्यांदा लागली ती बतावणीला, कारण तरुण पोरांना सिनेमाची गाणी हवी असतात आणि म्हाताऱ्यांना निदान वगाचा शेवट तरी. २०२० आणि २०२१ चे हंगाम करोनानं गिळले आणि कितीतरी कलावंत मजुरीला लागले. काही फडांत आता बतावणी पाच-दहा मिनिटांत उरकतात, तीही रेकॉर्डवरच्या विनोदांची. मला याचं मनापासून वाईट वाटतं. आज टीव्हीवर आणि मोबाइलवर मराठी विनोदाला एवढा मोठा प्रेक्षक आहे आणि त्यातले गुणी नट आपल्या पदरचं घालतात तेव्हाच सगळ्यांत जास्त आवडतात. मग त्यांचे पूर्वज जिथे उभे राहिले ती जागा का बुजवायची?

खेड, मावळ, जुन्नर, हवेलीच्या जत्रा कमिट्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: सुपारी देताना बतावणीला निदान अर्धा तास राखून ठेवायची अट घाला, आणि फडमालकाला आपल्या गावची हकीकत आधी कळवा. पिंपरी-चिंचवडच्या नाट्यसंस्थांनी एकांकिकांच्या जोडीला बिनसंहितेच्या बतावणीची स्पर्धा घ्यावी, आणि परीक्षक म्हणून फडातले जुने सोंगाडे आणि दशावतारी नट बसवावेत, मानधन देऊन. आणि वाचकहो, तुमच्या घरात जत्रेच्या रात्री जागलेलं, कँटीनमध्ये नकला केलेलं, माळवदावरून ऐकलेलं कुणी अजून असेल, तर या रविवारी त्यांच्याजवळ बसा, फोनवर रेकॉर्डिंग चालू करा आणि त्यांना बोलू द्या. मधे मधे प्रश्न मात्र विचारत राहा. सरदार नसेल तर सोंगाड्या बोलत नाही.